ज्या जपानी इंजिनिअरचा पुतळा तैवानच्या लोकांनी ३७ वर्षं सांभाळून ठेवला, त्याची गोष्ट

दक्षिण तैवानमध्ये ताइनान शहरापासून थोडं आत गेलं की वुशानतोऊ नावाचं धरण लागतं. धरणाच्या काठावर एक पुतळा आहे. पुतळे म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उंच चौथरा येतो, त्यावर कोट घातलेला किंवा हात वर केलेला माणूस येतो. इथं तसं काहीच नाही. कामाचे कपडे घातलेला एक माणूस जमिनीवर बसलाय. एक पाय पसरलेला, दुसरा गुडघ्यात दुमडलेला. एक हात डोक्याकडे गेलाय, जणू काहीतरी हिशोब जुळत नाहीये आणि तो केसांशी चाळा करत विचार करतोय.

हा माणूस तैवानी नाही. ज्या जपानने तैवानवर ५० वर्षं राज्य केलं, त्या जपानचा तो सरकारी इंजिनिअर. नाव योइची हात्ता.

जपानचं राज्य गेलं तेव्हा तैवानमधल्या जपानी खुणा पुसायला सुरुवात झाली. देवळं पाडली गेली, पुतळे काढले गेले. हा पुतळा मात्र लोकांनी लपवला. एकदोन महिने नाही, तर तब्बल ३७ वर्षं. एवढं सांभाळण्यासारखं या माणसाने केलं तरी काय, हे समजून घ्यायचं तर आधी तैवानच्या पाण्याचं दुखणं समजून घ्यावं लागतं.

तैवान हे बेट आहे. क्षेत्रफळ साधारण ३६ हजार चौरस किलोमीटर. पाऊस म्हणाल तर भरपूर, वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. एवढा पाऊस पडतो तिथं पाण्याची टंचाई कशी असेल, असं कुणालाही वाटेल. कोकणातल्या माणसाला मात्र वाटणार नाही. कारण गणित तेच आहे. बेटाच्या मधोमध उंच डोंगरांची रांग आहे, त्यातलं सर्वात उंच शिखर ३,९५२ मीटरचं. तिथून समुद्र फार लांब नाही. त्यामुळे नद्या आखूड आणि उताराच्या. पाऊस पडला की पाणी धावत सुटतं आणि समुद्राला मिळतं.

त्यातही दक्षिणेत पाऊस पडतो तो मे ते सप्टेंबर या काळात. उरलेले महिने कोरडे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जो सपाट पट्टा आहे त्याला च्यानान मैदान म्हणतात. तैवानमधला हा सर्वात मोठा सपाट प्रदेश. पण शंभर वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्याची अवस्था अशी होती की पावसाळ्यात पुरात पीक वाहून जायचं, हिवाळ्यात प्यायला पाणी लांबून आणावं लागायचं आणि समुद्राच्या बाजूच्या जमिनी मिठाने फुटलेल्या होत्या. पूर, दुष्काळ आणि खारफुटी ही तिन्ही संकटं एकाच वर्षात, एकाच शेतावर यायची.

१८९५ मध्ये चीनबरोबरचं युद्ध जिंकून जपानने तैवान ताब्यात घेतलं. नव्या राज्यकर्त्यांना सर्वात आधी काय नडलं असेल तर ते रोगराई. मलेरिया, कॉलरा, प्लेग. युद्धात मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त जपानी सैनिक आजारपणात मेले. त्यामुळे जपानने तैवानमध्ये पहिल्यांदा जे तज्ज्ञ पाठवले त्यात पाण्याचे लोक होते. टोकियोच्या विद्यापीठात शिकवणारा विल्यम बर्टन नावाचा स्कॉटिश इंजिनिअर १८९६ ला तैवानला आला, त्याने शहरांच्या पाणीपुरवठ्याचे आणि गटारांचे आराखडे सुरू केले आणि तीनच वर्षांत आजारी पडून वारला. त्याचं काम त्याचा विद्यार्थी याशिरो हामानो याने पुढं वीसेक वर्षं नेटाने चालवलं. तैवानच्या शहरांना नळाचं पाणी मिळालं ते मुख्यतः या गुरुशिष्यांमुळे. दोघांची नावं आज फारशी कुणाच्या तोंडी नाहीत.

याच हामानोच्या हाताखाली ताइनानच्या पाणीयोजनेवर एक तरुण काम शिकत होता. तोच आपला हात्ता.

हात्ताचा जन्म २१ फेब्रुवारी १८८६ चा. जपानमधल्या कानाझावा शहराजवळच्या एका गावातल्या शेतकरी घरातला. शिकला टोकियोच्या इम्पीरियल युनिव्हर्सिटीत, सिव्हिल इंजिनिअरिंग. १९१० साली पदवी हातात पडली आणि त्याच वर्षी त्याने तैवानची नोकरी धरली. वय २४.

त्या काळी चांगल्या घरातला, चांगल्या कॉलेजातला पोरगा जपानमध्येच मोठ्या हुद्द्याची नोकरी शोधायचा. तैवान म्हणजे मलेरियाचा मुलूख. पण हात्ताला मोठी कामं करायची होती. मोठ्या म्हणजे किती मोठ्या, तर सोबतच्यांनी त्याला एक टोपणनावच देऊन टाकलं होतं. जपानी भाषेत बाता मारणाऱ्या माणसाला भलं मोठं गाठोड्याचं फडकं पसरणारा म्हणतात. हात्ताला लोक तेच म्हणायचे. त्याच्या आराखड्यांकडे बघून वरिष्ठ हसायचे, बजेट कुठून आणणार म्हणून विचारायचे.

ताइनानच्या नळयोजनेनंतर वयाच्या तिशीत त्याच्याकडे उत्तरेतल्या ताओयुआन पठाराच्या कालव्याचं काम आलं. १९१६ मध्ये ते सुरू झालं. या पठारावर शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या खोदलेली हजारो तळी होती. पाऊस पडला तर भरायची, नाही पडला तर कोरडी. हात्ताने ही तळी मोडीत न काढता नदीतून कालवा आणून त्यांना जोडायचं ठरवलं. म्हणजे जुनी व्यवस्था तशीच ठेवून तिला खात्रीचं पाणी द्यायचं. इथं त्याचं नाव झालं.

१९१७ साली तो सुट्टीवर गावी गेला आणि लग्न करून परतला. बायकोचं नाव तोयोकी, कानाझावातल्या एका डॉक्टरची मुलगी. तो ३१ वर्षांचा, ती १६ ची. शाळा संपता संपता ती एका परक्या बेटावर संसाराला आली. पुढं त्यांना आठ मुलं झाली.

आता खरी गोष्ट सुरू होते.

१९१८ मध्ये जपानमध्ये तांदळाचे भाव एवढे भडकले की गावोगावी दंगे झाले, सरकार कोसळलं. टोकियोने ठरवलं की तांदूळ आता वसाहतीतून आणायचा. तैवानमधून साखर तर आधीपासून जातच होती. म्हणजे तैवानच्या शेताला पाणी द्यायची इच्छा जपानला झाली ती तैवानी शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे, हे इथंच लक्षात घेतलेलं बरं.

पण योजना आखायला निघालेला हात्ता मैदानात फिरत होता, त्याला दिसत होतं ते वेगळंच. त्याने सर्वेक्षण केलं आणि जो आराखडा मांडला तो बघून वरिष्ठांना पुन्हा ते गाठोड्याचं फडकं आठवलं असणार. झंगवेन नदीचं पाणी डोंगराला ३ किलोमीटरहून लांब बोगदा पाडून पलीकडे न्यायचं. तिथं वुशानतोऊच्या दरीत धरण बांधून ते साठवायचं. उत्तरेच्या भागाला दुसऱ्या एका मोठ्या नदीतून थेट पाणी घ्यायचं. आणि त्यातून सुमारे दीड लाख हेक्टर जमिनीला पाणी पुरवायचं.

खर्च शेवटी ५ कोटी ४० लाख येनच्या घरात गेला, त्या काळात हा आकडा अवाढव्य होता. सरकारने सगळे पैसे द्यायला नकार दिला. मग तोडगा असा निघाला की ज्यांच्या जमिनीला पाणी मिळणार त्यांची संस्था काढायची, निम्म्याच्या आसपास भार तिने उचलायचा आणि उरलेलं सरकार अनुदान म्हणून देणार. हात्ताने सरकारी नोकरी सोडली आणि या संस्थेचा इंजिनिअर झाला. सप्टेंबर १९२० मध्ये काम सुरू झालं.

धरण बांधायचं ठरलं ते मातीचं. कारण तैवान भूकंपाचा प्रदेश आहे. ताठ काँक्रीटची भिंत हादऱ्याने तडकली तर खालची गावं गेली. मातीची भिंत थोडी हलते, बसते, पण एकदम फुटत नाही. हात्ताने जी पद्धत निवडली ती आशियात एवढ्या मोठ्या प्रमाणावर तोवर कुणी वापरली नव्हती.

पद्धत अशी की सुमारे २० किलोमीटरवरून रेल्वेने दगड, वाळू, माती यांचं मिश्रण आणायचं आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना ओतायचं. मग मोठ्या पंपांनी त्यावर जोरात पाणी मारायचं. जड दगडगोटे बाहेरच्या बाजूला राहतात आणि बारीक चिकणमाती पाण्याबरोबर वाहत मधोमध जाऊन बसते. थरावर थर चढत गेले की आत घट्ट मातीचा गाभा तयार होतो, त्यातून पाणी झिरपत नाही. घरी गाळाचं पाणी बादलीत ढवळून ठेवलं की खडे आधी खाली बसतात आणि गाळ मागाहून, तोच नियम. फक्त इथं बादली १,२७३ मीटर लांब आणि ५६ मीटर उंच होती.

यासाठी लागणारी यंत्रं बेटावर नव्हती. हात्ता १९२२ मध्ये अमेरिकेला गेला, तिथली धरणं बघितली, वाफेवर चालणारी खोदकामाची यंत्रं आणि मोठे पंप यांची मागणी नोंदवली. मजूर स्वस्त असताना एवढी महागडी यंत्रं कशाला, म्हणून पुन्हा टीका झाली. त्याचं म्हणणं होतं की काम लवकर संपलं तर जमिनीला पाणी लवकर मिळेल आणि यंत्र चालवायला शिकलेली माणसं पुढं बेटावर इतरत्र उपयोगी पडतील. पुढं झालंही तसंच.

जंगलात त्याने कामगारांसाठी गावच उभं केलं. दोनशेच्या वर घरं, शाळा, दवाखाना, न्हाणीघर, टेनिस कोर्ट. अधूनमधून सिनेमे दाखवले जायचे. त्या काळात अशा कामांवर मजुरांना झोपड्यात एकटं ठेवायची रीत होती, बायकापोरं गावी. हात्ताचं मत होतं की माणूस घरच्यांसोबत राहिला तरच दहा वर्षांचं काम टिकून करेल. तो स्वतःही तोयोकी आणि मुलांना घेऊन तिथंच राहायला आला.

आणि मग डिसेंबर १९२२ उजाडला.

बोगद्याचं खोदकाम चालू होतं. डोंगराच्या पोटात ज्वलनशील वायू होता, खडकातून तेल पाझरत होतं. एक दिवस आत स्फोट झाला. पन्नासच्या आसपास माणसं गेली. हात्ता हादरला. आपण आखलेल्या रेघेवर एवढी माणसं मेली, हे ओझं घेऊन तो मृतांच्या घरी गेला. काम सोडून द्यायचा विचार त्याच्या मनात आला होता असं सांगतात. गोष्टीत पुढं असंही येतं की मृतांच्या नातेवाइकांनीच त्याला काम पुरं करायला सांगितलं. हा भाग आदराने रंगवून सांगितला गेलेला असू शकतो. काम पुढं सुरू झालं एवढं नक्की.

पण वर्षही पुरं झालं नाही तोवर दुसरा घाव बसला. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोला भूकंपाने जमीनदोस्त केलं. लाखभर माणसं मेली. जपानचा सगळा पैसा राजधानी उभी करण्याकडे वळला आणि तैवानच्या कालव्याचं अनुदान कापलं गेलं. निम्म्याच्या आसपास माणसं कामावरून कमी करायची वेळ आली.

आता कुणाला काढायचं? कुठल्याही कंपनीत जे होतं तेच सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, की चांगले कामगार ठेवायचे आणि कच्चे काढायचे. हात्ताने उलटं केलं. जे कामात सर्वात तरबेज होते त्यांना आधी काढलं. कारण त्यांना बाहेर कुठंही नोकरी मिळेल. जे कच्चे आहेत त्यांना इथून काढलं तर ते आणि त्यांची पोरंबाळं उपाशी मरतील. काढलेल्या लोकांसाठी तो स्वतः नोकऱ्या शोधत फिरला आणि पैसे परत सुरू झाल्यावर त्यातल्या अनेकांना परत बोलावलं. धंद्याच्या हिशोबात हा निर्णय बसत नाही. धरणाच्या कामाचं नुकसानही झालं असेल. पण तैवानमध्ये हात्ताबद्दल कुणालाही विचारलं तर धरणाच्या उंचीआधी हाच किस्सा सांगितला जातो.

दहा वर्षांनी, मे १९३० मध्ये पाणी सुटलं. तलावात सुमारे १५ कोटी घनमीटर, म्हणजे पाच टीएमसीहून थोडं जास्त पाणी मावत होतं. डोंगरांच्या खाचाखोचांत शिरलेलं हे पाणी वरून पोवळ्याच्या फांद्यांसारखं दिसतं, म्हणून त्याला पोवळ्याचं तळं असंही नाव पडलं. तिथून निघालेले मुख्य कालवे, वितरिका आणि चाऱ्या मिळून १० हजार किलोमीटर, शिवाय पाण्याचा निचरा करणारे चर वेगळे. ते सगळे धरले तर लांबी १६ हजार किलोमीटरवर जाते.

निचऱ्याचे चर हा भाग सहसा कुणी सांगत नाही, पण खारफुटीवर खरा इलाज तोच होता. नुसतं पाणी दिलं असतं तर जमीन आणखी फुटली असती. गोड्या पाण्याने मीठ धुवायचं आणि ते खारं पाणी चरांनी बाहेर काढायचं, असं हळूहळू ती जमीन कसायला आणली गेली.

खरी गंमत पुढं आहे. धरणाचं पाणी दीड लाख हेक्टरावर भात पिकवायला पुरणारं नव्हतंच. पुरलं असतं ते त्याच्या एक तृतीयांश जमिनीला. सोपा उपाय होता, पन्नास हजार हेक्टरला भरपूर पाणी द्यायचं आणि बाकीच्यांना सोडून द्यायचं. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांचे मळे आणि टेलच्या शेतकऱ्याच्या नशिबी कोरडी चारी, हे चित्र कुठल्याही देशात दिसतं.

हात्ताने सगळ्या जमिनीचे साधारण दीडशे हेक्टरचे गट पाडले आणि प्रत्येक गटाचे पन्नास-पन्नासचे तीन तुकडे केले. या वर्षी पहिल्या तुकड्यात भात, त्याला पुरेपूर पाणी. दुसऱ्यात ऊस, त्याला थोडं पाणी. तिसऱ्यात रताळ्यासारखी कोरडवाहू पिकं, त्याला पाणी नाही. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. तीन वर्षांत प्रत्येकाच्या शेतात एकदा भात येणारच. आपल्याकडे नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी आणलेली ब्लॉक पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना हा विचार ओळखीचा वाटेल.

त्याच सुमारास एइकिची इसो या शेतीतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तैवानच्या हवेत येणारं जपानी चवीचं भात तयार केलं होतं. नवं बियाणं आणि नवं पाणी एकत्र आलं आणि च्यानान मैदान तैवानचं धान्याचं कोठार झालं.

ही झाली पुतळ्याची बाजू. दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

ज्या काळात हे धरण झालं त्याच काळात तैवानी वर्तमानपत्रात या कालव्याचं नाव वेगळं पडलं होतं. च्यानान या नावाचा तिथल्या बोलीत होणारा उच्चार आणि माणसांना चावणं यांचे शब्द जवळजवळ सारखे आहेत. लोकांनी कोटी केली आणि त्याला माणसं चावणारा कालवा म्हणायला लागले.

का? कारण पाणी येण्याआधीच पट्टी यायला लागली. कालव्यासाठी जमिनी गेल्या. ज्या वर्षी आपल्या तुकड्याला पाणी नाही त्या वर्षीही वर्गणी चुकत नव्हती. आणि पाळी ठरवणारं ऑफिस सांगेल तेच पीक घ्यायचं. तीन तुकड्यांत एक उसाचा, आणि ऊस घेणार कोण, तर जपानी साखर कारखाने, तेही त्यांनीच ठरवलेल्या भावाने. ज्याच्याकडे चार ठिकाणी जमीन आहे त्याचं भागायचं. ज्याचं एकच वावर, त्याला ज्या वर्षी भाताची पाळी नाही त्या वर्षी घरचा भातसुद्धा विकत घ्यावा लागायचा. जी पद्धत सगळ्यांना समान पाणी देत होती तीच पद्धत शेतकऱ्याला त्याच्या शेतात काय पेरायचं हे ठरवू देत नव्हती.

शिवाय हे सगळं परक्यांचं राज्य होतं. धरणापासून जवळच्याच डोंगरात १९१५ मध्ये जपानविरुद्ध उठाव झाला होता. तो चिरडल्यावर शेकडो जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, त्यातल्या बहुतेकांची पुढं कमी केली गेली तरी नव्वदच्या वर माणसं फासावर गेली. पाच वर्षांत त्याच मुलखात सरकार कालवा खणायला आलं. तिथल्या शेतकऱ्याने लगेच हात जोडावेत अशी अपेक्षा कशी करणार?

हात्ता या राज्याचाच नोकर होता. त्याने कधी वसाहतीविरुद्ध आवाज काढला नाही. पण त्याच्या हातात जेवढं होतं तेवढ्यात त्याने काय केलं, हे धरणाशेजारच्या एका दगडावर दिसतं. काम चालू असताना आणि आजारपणात मिळून १३४ जण गेले होते. त्यांच्या नावांचा स्मृतिस्तंभ १९३० मध्ये उभा राहिला. नियमाने जपानी नावं वर आणि तैवानी खाली यायला हवी होती. या दगडावर नावं ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने आहेत. जपानी, तैवानी मिसळून. त्यात कामगारांच्या घरच्यांचीही नावं आहेत.

पुतळा याच सुमारास, १९३१ मध्ये झाला. सोबत काम केलेल्या लोकांनी वर्गणी काढली. हात्ता तयार नव्हता, आणि झालाच तर कोटटायचा, चौथऱ्यावरचा नको, अशी त्याची अट होती. म्हणून तो जमिनीवर बसलेला.

पुढची बारा वर्षं तो तैपेईला सरकारी नोकरीत परत गेला. बेटावरच्या इतर नद्यांच्या योजना आखल्या, तैवानी मुलांना सर्वेक्षण आणि बांधकाम शिकवणारी संस्था काढण्यात पुढाकार घेतला.

मग महायुद्ध आलं. जपानने फिलिपिन्स घेतलं आणि तिथं कापसाच्या शेतीला पाणी कुठून देता येईल हे बघायला हात्ताला पाठवायचं ठरलं. ५ मे १९४२ ला तो तायो मारू या जहाजाने निघाला. ८ मे ला पूर्व चीन समुद्रात अमेरिकन पाणबुडीने जहाज बुडवलं. ८०० हून अधिक माणसं गेली. हात्ताचा मृतदेह काही आठवड्यांनी जपानच्या किनाऱ्याजवळ मासेमारांच्या हाती लागला. वय ५६.

तोयोकी मुलांना घेऊन तैवानमध्येच राहिली. तैपेईवर बॉम्ब पडायला लागल्यावर ती वुशानतोऊच्या जुन्या घरी आली. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान हरला. आता सगळ्या जपान्यांना बेट सोडावं लागणार होतं. १९१७ पासून जे तिचं घर होतं ते आता तिचं राहणार नव्हतं. १ सप्टेंबर १९४५ च्या पहाटे धरणाचं पाणी जिथून सुटतं तिथं तिने जीव दिला. तारीख धरणाचं काम सुरू झालेल्या महिन्याची.

पुढच्या वर्षी, डिसेंबर १९४६ मध्ये, स्थानिक लोकांनी नवराबायकोची समाधी धरणाकाठी बांधली. जपानी पद्धतीच्या दगडाची. तोवर बेटावर चीनमधून आलेलं राज्य होतं आणि जपानशी संबंधित काहीही उभं करणं जोखमीचं होतं.

आणि पुतळा? युद्धाच्या शेवटी, १९४४ मध्ये, जपान सरकार तोफांसाठी धातू गोळा करत होतं. घंटा, कठडे, पुतळे सगळं वितळवायला नेलं. हात्ताचा पुतळाही गेला. नंतर तो एका रेल्वे स्टेशनजवळच्या गोदामात सापडला. कालवा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी तो परत मिळवला आणि हात्ताच्याच जुन्या घरात ठेवून दिला. सरकारी आदेश जपानी खुणा काढायचे, आणि ही माणसं सरकारी कागदपत्रांपासून दूर पुतळा सांभाळत बसली. १९७२ मध्ये जपानने चीनशी संबंध जोडून तैवानशी तोडले, तेव्हा तर परवानगी मिळणं आणखी अवघड झालं. शेवटी १९८१ मध्ये पुतळा पुन्हा धरणाकाठी बसवला गेला.

गंमत अशी की कालव्याला चावरा म्हणणाऱ्या शेतकऱ्यांचीच मुलं आणि नातवंडं तोवर पाटाच्या पाण्यावर मोठी झाली होती. कारखान्यांची सक्ती गेली, राज्य बदललं, आणि पाणी मागे उरलं. दरवर्षी ८ मे ला समाधीपाशी लोक जमतात, जपानहूनही येतात. २०११ मध्ये तिथं स्मारक उद्यान झालं, पुढं तोयोकीचाही पुतळा उभा राहिला.

सगळ्यांना हे पटतं असं नाही. एप्रिल २०१७ मध्ये रात्रीत कुणीतरी पुतळ्याचं डोकं कापून नेलं. तैवान चीनमध्ये जावं असं मानणाऱ्या एका माजी नगरसेवकाने स्वतःहून कबुली दिली. त्यांच्या बाजूने बघितलं तर हात्ता हा परक्या राज्याचा चेहरा आणि त्याचा गौरव म्हणजे गुलामीचा गौरव. तीन आठवड्यांत पुतळ्याला नवं डोकं बसलं आणि ८ मे चा कार्यक्रम वेळेवर झाला. तेव्हा ताइनानचे महापौर होते लाई चिंग-ते, जे आता तैवानचे राष्ट्राध्यक्ष आहेत.

वुशानतोऊच्या वरच्या अंगाला १९७३ मध्ये झंगवेन नदीवर त्याहून मोठं धरण झालं आणि दोन्ही तलाव एकमेकांना जोडून चालतात. पण बेटाचं गणित बदललेलं नाही. २०२० च्या पावसाळ्यात एकही वादळ तैवानच्या जमिनीवर आलं नाही. ज्या वादळांना लोक घाबरतात त्यांच्यावरच बेटाचे तलाव भरतात. २०२१ मध्ये पन्नासहून अधिक वर्षांतला सर्वात वाईट दुष्काळ पडला.

आता या पाण्याला तिसरा दावेदार आहे. ताइनानजवळच्या विज्ञान नगरीत जगभरच्या मोबाइलच्या चिप बनतात आणि चिप धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं, तेही रोज, न चुकता. त्या वर्षी सरकारने च्यानान मैदानात भाताचं पाणी बंद केलं, शेतकऱ्यांना नुकसानभरपाई दिली आणि जमिनी पडीक ठेवायला सांगितल्या. कारखान्यांच्या पाण्यातही कपात झाली, पण कारखाने चालू राहिले. चाऱ्या कोरड्या होत्या, आणि भाताची पाळी कुठल्याच तुकड्याला आली नाही.